मकासरेसाहेबांनी दिलेलं उत्तर

मकासरेसाहेब गेल्याची बातमी मला कुणी येऊन सांगितली नाही. ती माझ्याच हातून दुसऱ्यांकडे गेली. मी इथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर परगावचे कॉल जोडायचं काम करते. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळच्या पाळीला नांदगावच्या ऑपरेटरने अर्जंट कॉल दिला. नंबर आमच्याच चर्चच्या पाळकांच्या बंगल्याचा, मला पाठ असलेला. मी कॉर्ड लावली, घंटी गेली, पलीकडून कुणीतरी फोन उचलला. आवाज नीट पोचतोय की नाही एवढं ऐकायचं आणि बाजूला व्हायचं, हा आमचा नियम. तेवढ्यात नांदगावहून एक तरुण माणूस म्हणाला, "मकासरेसाहेब आज प्रभूकडे गेले. उद्या अकरा वाजता माती आहे. नाशिकच्या मंडळीला कळवा." मी बाजूला व्हायला हवं होतं, झाले नाही. पलीकडचे पाळक काय विचारत होते, हा काय सांगत होता, सगळं ऐकत राहिले. तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन विचारावं लागतं, तसं विचारलं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" माझा आवाज अगदी रोजचा होता. "नको बाई, सांगून झालं," तो म्हणाला. मी कॉर्ड काढली, कॉलच्या तिकिटावर वेळ लिहिली आणि पुढचा कॉल घेतला. ज्या माणसाला मी बारा वर्षं माफ केलं नव्हतं, ते माणूस आता माफीच्या पलीकडे गेलं होतं, आणि मी तिथेच होते.

रेव्हरंड शांतवन मकासरे हे नाव या पुरवणीच्या फार थोड्या वाचकांना माहीत असेल. चौपन्न-पंचावन्नपासून सत्त्याहत्तरपर्यंत ते नाशिकला आमच्या मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. आमच्यात बारशापासून मातीपर्यंत पाळकांवाचून पान हलत नाही, त्यामुळे ते घरातलेच होऊन जातात. साहेब तर जास्तच. उंच, किडकिडीत, पँटला क्लिप लावून सायकलवरून फिरणारे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी स्टोव्हची पिन असायची. घराघरांत प्रार्थनेला गेले की आधी चुलीपाशी डोकावायचे, प्राइमस फुरफुरत असला तर मांडी घालून दुरुस्त करायचे, आणि मग रॉकेलचे हात पुसत प्रार्थना. आईला ते फार आवडायचं. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेले तेव्हा मी मॅट्रिकला होते आणि माझा धाकटा भाऊ अरुण सातवीत. त्यानंतर आमच्या घरचं काहीही असो, साहेबांना विचारल्याशिवाय होत नसे. एक्स्चेंजच्या नोकरीचा अर्ज त्यांनीच आणून दिला, त्यांच्याच टेबलावर बसून मी तो भरला. "आवाज चांगला आहे तुझा, आणि चिडत नाहीस. तुला घेतील," असं म्हणाले होते. ते खरंच होतं. तेव्हा मी चिडत नसे.

अरुण चित्रं सुरेख काढायचा. डिप्लोमा करून पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागला. मोठमोठ्या नकाशांवर मेणकागद अंथरून रेषा गिरवायचं काम. शाई कधी सांडायची नाही, रेष कधी थरथरायची नाही. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याची बदली इगतपुरीजवळच्या धरणाच्या कामावर झाली. चार महिने तो तिथल्या पावसात एका खोलीत एकटा राहिला. परत आला तो निराळाच. जेवायचा नाही, झोपायचा नाही, कोऱ्या कागदासमोर तासन्‌तास बसून राहायचा. "ताई, हात उचलत नाही गं," एवढंच म्हणायचा. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, हवापालट सांगितली. आईने सूप केलं, उपास धरले. मी... मी त्याला म्हटलं की तरुण माणसानं असं बसून राहू नये, लोक काय म्हणतील. त्या आजाराला नाव असतं आणि त्याच्यावर उपचार असतो, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आज मला ते ठाऊक आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अरुणने स्वतःचा जीव घेतला. कसा, ते इथे लिहिणार नाही. तो चोवीस वर्षांचा होता.

पोलीस, दवाखाना, सगळं उरकून दुपारी त्याला घरी आणलं. आई त्याच्या उशाशी बसली होती. साहेब आले, दारातच थांबले. त्यांच्यामागे मंडळीचा कारभार बघणारे दोन पंच होते. साहेब आईकडे न बघता म्हणाले की चर्चमध्ये नेता येणार नाही, विधी वाचता येणार नाही, आणि दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा देता येणार नाही. मंडळीचा नियम आहे. मला आधी कळलंच नाही ते काय सांगताहेत. मला वाटलं होतं, ते आत येतील, खाली बसतील. पंचांपैकी एकाने समजावलं, की बाकी कुठल्याही पापाचा पश्चात्ताप करायला माणसाला वेळ मिळतो, याला मिळत नाही. पश्चात्ताप नाही तर क्षमा नाही. देवाने दिलेला जीव देवाच्या आधी आपण घेणं म्हणजे खूनच, फक्त स्वतःचा. तो माणूस काही दुष्ट नव्हता. हळू आवाजात, जपून बोलत होता.

आई उठली नाही. तिने फक्त साहेबांना विचारलं, "साहेब, येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या त्या चोराला शेवटच्या घटकेला क्षमा मिळाली, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. माझ्या लेकराने शेवटच्या श्वासाला देवाला हाक मारली नसेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेब वळले आणि गेले. पंच घुटमळले, तेही गेले.

आमच्या दफनभूमीच्या मागच्या भिंतीपलीकडे नाल्यापर्यंत एक पट्टा आहे. तिथे घाणेरीची झुडपं माजलेली असतात. त्या पट्ट्यात संध्याकाळी चौघांनी अरुणला पुरलं. वडिलांचे दवाखान्यातले दोन सोबती, शेजारचे कांबळेकाका, जे बौद्ध होते, आणि खणणारा. कुणी काही वाचलं नाही. कांबळेकाकांना राहवलं नाही म्हणून ते आपल्या पद्धतीने हात जोडून दोन ओळी पुटपुटले. आमच्या माणसांकडून तेवढंही झालं नाही. मंडळीच्या दफनाच्या वहीत त्याचं नाव चढलं नाही.

त्या दिवसापासून मी चर्चमध्ये जाणं सोडलं. आईने मात्र सोडलं नाही. पुढच्याच रविवारी ती पांढरं लुगडं नेसून निघाली, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. त्या माणसाच्या हातून तू भाकर आणि द्राक्षारस घेणार का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मग कुठं जाऊ? देव काय दुसऱ्या गल्लीत राहतो का?" आणि मला बाजूला करून गेली. पुढची तीन वर्षं दर रविवारी ती साहेबांसमोर गुडघे टेकून प्रभुभोजन घेत होती, आणि चर्च सुटल्यावर दफनभूमीला वळसा घालून, नाल्याच्या बाजूने, अरुणकडे जात होती. मला तिचा राग यायचा. रागाच्या भरात मी तिला लागट बोललेही. नोकरी सुटत नव्हती, घर सुटत नव्हतं, स्थळं यायची आणि आमच्या घरात काय झालंय ते कळलं की परत जायची. सकाळी बोर्ड, संध्याकाळी आई, मधल्या रस्त्यावर चर्च. दुसऱ्या रस्त्याने जायचं म्हटलं तरी घंटा ऐकू यायचीच. साहेब कधी समोरून सायकलवर आले की उतरून उभे राहायचे. मी मान वळवून पुढे जायची. माझ्या मनाची एक गोची झाली होती, ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. साहेब म्हणाले ते खरं असेल, तर अरुण कायमचा नरकात होता. ते खोटं असेल, तर एका खोट्यासाठी त्यांनी त्याला भिंतीबाहेर टाकलं होतं. कुठूनही गेले तरी सुटका नव्हती. देव मानावा तर हे, न मानावा तर अरुण कुठेच नाही, आणि तेही मला सोसवत नव्हतं.

आईला नरकाची भीती वाटत नव्हती असं मला तेव्हा वाटायचं. ते खरं नव्हतं. सत्त्याहत्तरला साहेबांची बदली झाली आणि एक्याऐंशीला आई आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात एकदा मी तिचे केस विंचरत असताना ती म्हणाली, "लीला, मला वर जायची भीती वाटते." मी म्हटलं, तुला कसली भीती, तू तर एक रविवार चुकवला नाहीस. तर म्हणाली, "तुझे वडील तिथं आहेत ना. मला बघितल्या बघितल्या विचारतील, अरुण कुठंय? मी काय सांगू?" ... सात वर्षं ती हे मनात घेऊन चर्चला जात होती. मी तिची वेणी घालत राहिले. मग तिने एवढंच मागितलं, की मला मागच्या भिंतीला अगदी लागून ठेवा. नव्या पाळकांनी का म्हणून विचारलं नाही. ती आता भिंतीच्या आत आहे, अरुण बाहेर. मध्ये वीतभर दगड.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, नाताळच्या आधी, एका दुपारी साहेब माझ्या दारात आले. निवृत्त होऊन ते नांदगावला आपल्या गावी राहायला गेले होते, एवढं कानावर होतं. सायकल नव्हती, काठी होती. मी त्यांना आत घेतलं, कारण म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवणं माझ्याच्याने झालं नाही. चहा ठेवला. ते आईच्या खाटेवर बसले, काठी खाटेला टेकवली. मग म्हणाले, "लीलाबाई, दहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगायला आलोय. ती तुझ्या आईला सांगायची होती. जमलं नाही."

जे सांगितलं ते असं. अरुण गेला त्याच्या चार दिवस आधी तो त्यांच्याकडे गेला होता. साहेब पंचांच्या सभेला निघाले होते, सायकल हातात होती. अरुण फाटकाशी उभा होता. त्याने विचारलं, "साहेब, जो माणूस स्वतःहून जातो त्याला क्षमा असते का?"

"मला कळलं तो कुणाविषयी विचारतोय," साहेब म्हणाले. "लगेच कळलं. आणि मी त्याला सांगितलं, नसते. त्याला कधीही क्षमा नसते, कायमचा नरक असतो. जितकं कठोर सांगता येईल तितकं सांगितलं. मला वाटलं, भीती त्याला धरून ठेवील. दार बंद दिसलं की पोरगा मागे फिरेल... तो 'बरं' म्हणाला. मी सायकलवर बसलो आणि सभेला गेलो. त्याला आत बसवून घेतलं नाही. तुला काय होतंय रे, एवढंही विचारलं नाही."

मी ऐकत होते. बोर्डावर बसल्यावर ऐकतो तसं, कानांनी. ते सांगत राहिले. चार दिवसांनी ते आमच्या दारात उभे राहिले तेव्हा पंचांनी नियम काढला. साहेबांना तो मोडता आला असता. पूर्वी एकदा एका घरासाठी त्यांनी मोडलाही होता. पण आईसमोर 'क्षमा आहे' म्हणायचं, तर चार दिवसांपूर्वी मुलाला खोटं सांगून पाठवलं असं झालं असतं. आणि ते खोटं घेऊनच तो गेला. "जे त्याला सांगितलं होतं तेच धरून बसावं लागलं मला," ते म्हणाले. "तुझ्या आईने चोराचं विचारलं, तेव्हा मला उत्तर येत होतं. देता आलं नाही."

मी विचारलं, "तुम्ही त्याला जे सांगितलं, त्यावर तुमचा विश्वास होता का?"

"सांगताना होता की नव्हता, आता आठवत नाही. त्याला पुरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हता." मग म्हणाले, "त्या दिवशी उजाडल्यावर मी नाल्याच्या बाजूने तिथे गेलो. त्याच्यासाठी सगळा विधी वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुनरुत्थानाच्या आशेपर्यंत. एकट्याने."

त्यांना वाटलं असेल, हे ऐकून मला बरं वाटेल. मला तर हातातला कप फेकावासा वाटला. "एकट्याने?" मी म्हटलं. "आई त्याच दिवशी, त्याच गल्लीत, घरात बसलेली होती साहेब. तुम्ही तिला का नाही बोलावलं? ती सात वर्षं तुम्ही सांगितलेल्या नरकात जगली. वडिलांना काय सांगू म्हणत मेली. तुम्ही वाचलंय एवढं तिच्या कानात सांगितलं असतं तर..."

"पंचांना कळलं असतं," ते म्हणाले. मग मान हलवली, जणू ते उत्तर त्यांनाच पटलं नाही. "भ्यालो मी."

नंतर त्यांनी सरळ माझ्याकडे बघून क्षमा मागितली. सबबी न सांगता, दोन वाक्यांत. आणि म्हणाले, एकदा माझ्याबरोबर अरुणच्या कबरीवर चल, तुझ्या देखत मोठ्याने वाचतो. मी म्हटलं, "साहेब, चहा निवतोय."

त्यांनी चहा घेतला. काठी टेकत गेले. मी फाटकापर्यंतही गेले नाही.

त्यानंतर त्यांची पत्रं येत. पोस्टकार्डं, चार-पाच ओळींची. तब्येत बरी आहे, यंदा बोरं चांगली आली, तू म्हणशील तेव्हा नाशिकला येईन. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. दोनदा लिहायला बसले. क्षमा करते असं लिहावं, तर अरुणच्या वतीने मला तो हक्क कुणी दिला? करत नाही असं लिहावं, तर लहानपणी ज्यांच्या शेजारी बसून प्रभूची प्रार्थना शिकले, 'जशी आम्ही आमच्या ऋण्यांस' ही क्षमेची ओळ म्हणताना ज्यांनी माझा उच्चार सुधारला, त्यांनाच हे लिहायचं... दोन्ही वेळा कार्ड फाडलं. त्यांनी एका प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं होतं, मी एका प्रश्नाला उत्तरच देत नव्हते. यात मी त्यांच्याहून बरी होते असं आता म्हणवत नाही.

तर त्या मंगळवारी पाळी सुटल्यावर मी रजा टाकली, आणि बुधवारी सकाळी नाशिक रोडहून गाडी धरून नांदगावला गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. घर विचारत पोचले. स्टेशनपासून जवळच, दोन खोल्या आणि ओटा. मकासरेबाईंनी मला नऊ-दहा वर्षांनी पाहिलं, तरी लगेच ओळखलं. हाताला धरून आत नेलं. साहेब पांढऱ्या झग्यात निजले होते, फार लहान दिसत होते. बाई म्हणाल्या, "ते म्हणून गेलेत, लीला आली तर एक विचार. नाही आली तर विचारू नकोस." मग त्यांनी तिथल्या पाळकांना बोलावलं. फोनवर ज्यांचा आवाज ऐकला होता ते हेच, तिशीतले. ते संकोचत म्हणाले, साहेबांची इच्छा होती की आपल्या मातीच्या वेळी विधीत जिथे नाव घेतात तिथे त्यांच्या नावाबरोबर अरुणचंही नाव घ्यावं. त्याला उघडपणे विधी मिळाला नाही, तो त्यांच्याबरोबर मिळू दे. मात्र त्याच्या बहिणीची परवानगी असेल तरच.

मला भयंकर राग आला. मेल्यावरही या माणसाने मला कोपऱ्यात गाठलं होतं. हो म्हणावं, तर त्यांना हवं ते मिळणार होतं. नाही म्हणावं, तर अरुणला भिंतीबाहेर ठेवणारं दुसरं माणूस मी ठरणार होते. बाहेर लोक जमले होते, पेटीवर खिळे ठोकायचे थांबले होते. मी पाळकांना विचारलं, "तुमच्या मंडळीला चालेल?" ते म्हणाले, "विचारलं नाही. विचारलं तर सभा बोलवावी लागेल." आणि पुढे म्हणाले, "ताई, कोण कुठे गेलं हे मला माहीत नाही. ते ठरवायचं काम माझ्याकडे दिलेलं नाही, एवढं मात्र माहीत आहे."

मी म्हटलं, "वाचा."

दफनभूमी गावाबाहेर, उघड्या माळावर होती. तीस-चाळीस माणसं असतील. पाळकांनी विधी सुरू केला. नावाची जागा आली तेव्हा ते म्हणाले, आमचे बंधू शांतवन, आणि आमचा बंधू अरुण. काही माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, बस. बारा वर्षांत चारचौघांत कुणाच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. लोक ते घ्यायचे टाळत, 'तुझा तो भाऊ' म्हणत. इथे एका अनोळखी माणसाने ते मोठ्याने, उन्हात, सगळ्यांसमोर घेतलं. बाईंनी माझा दंड धरला. प्रार्थना संपत आली तेव्हा मी ठरवलं होतं की आमेन म्हणेन ते फक्त अरुणपुरतं. पण दोन नावांची प्रार्थना एकच होती, आणि शेवटी आमेन एकदाच म्हणायचं होतं. त्याचे दोन भाग करता येईनात. मी म्हटलं. सगळ्यांच्या बरोबर, मोठ्याने. आईला आता तिकडे वडिलांना काय सांगायचं ते सांगता येईल, असं मनात आलं. तो विश्वास होता की नुसती इच्छा, मला माहीत नाही.

क्षमा झाली का? मला बरेच जण विचारतील म्हणून लिहिते. सकाळी उठल्यावर कधी झालेली असते, दुपारपर्यंत पुन्हा राग येतो. आईला सांगितलं नाही, हे अजून गिळता येत नाही. इथल्या दफनभूमीची भिंत आहे तिथेच आहे. अरुणचं नाव वहीत चढवा म्हणून मी मंडळीला अर्ज दिला आहे, तो पंचांपुढे ठेवू असं सांगण्यात आलं आहे. त्यासाठी मला दोनदा चर्चच्या कचेरीत जावं लागलं. घंटा वाजली तेव्हा मी आतच होते.

मातीहून परतल्यावर बाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं-भाकरी होती, शेजारणींनी आणलेली. माझी गाडी चारला होती. बाई आत आडव्या झाल्या होत्या, मी ओट्यावर चपला घालत होते, तेवढ्यात एक माणूस आला. पन्नाशीचा, डोक्याला पंचा, पायात धूळ. कुठल्यातरी खेड्यातून चालत आलेला दिसत होता.

"पाद्रीबाबा हायेत का?"

मी सांगितलं, काल गेले, आताच माती देऊन आलो. तो उभाच राहिला. पंचा काढून हातात घेतला. बाई आवाज ऐकून दारात आल्या, त्याला बघून म्हणाल्या, "अरे, आज तुझा वार, नाही का. मी विसरलेच." आणि मग मला खालच्या आवाजात सांगितलं, की याचा मुलगा दोन वर्षांपूर्वी... तसाच गेला. तेव्हापासून हा दर बुधवारी येतो. साहेब त्याच्याशी फारसं काही बोलत नसत. त्याने विचारलं तरी, मला माहीत नाही म्हणायचे. नुसते या ओट्यावर त्याच्या शेजारी बसायचे. असे आणखीही दोघे-तिघे येतात. बाहेर जायची घाई असली तरी कुणाला फाटकातून परत पाठवत नसत.

"मी जातो मग," तो माणूस म्हणाला. "लय लांबून आलतो, पर... जातो."

बाईंचे डोळे भरून आले होते, त्यांच्यात बसायचं त्राण नव्हतं. मी त्याला म्हटलं, "दादा, बसा जरा."

तो ओट्याच्या एका टोकाला बसला. मी चपला काढल्या आणि दुसऱ्या टोकाला बसले. बऱ्याच वेळाने त्याने मुलाचं नाव सांगितलं. चारची गाडी शिटी देऊन गेली ती आम्ही दोघांनी ऐकली. पुढची कधी आहे ते मी विचारलं नाही.